ताईच्या दातांवर डाग, भावाच्या दाढेला कीड: एकाच घरातली फ्लोराइडची केस

मी लहान मुलांचे दात बघते. ही केस लिहायचं बरेच दिवस मनात होतं, आईबाबांना विचारूनच लिहितेय, नाव-गाव काही देत नाही. आणि त्यांच्या चुका दाखवायला लिहितेय असं कुणी समजू नका, यात एक चूक माझीही आहे, ती पुढे येईलच.

मोठी मुलगी ९ वर्षांची, धाकटा मुलगा ५ वर्षांचा. आले होते धाकट्यासाठी. दोन रात्री झोप नाही, गाल सुजलेला, खालच्या उजव्या बाजूला दुधाच्या पहिल्या दाढेशी हिरडीवर पुळी आलेली. तोंड उघडून बघितलं तर सहा दाढा किडलेल्या, आणि वरच्या पुढच्या दोन दातांवर हिरडीला लागून खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ. पाच वर्षांच्या पोराच्या तोंडात दुधाच्या दाढा असतात आठ, त्यातल्या सहा गेलेल्या.

पेस्ट कुठली वापरता म्हणून विचारलं तर (फ्लोराइड म्हणजे पाण्यात कमी-जास्त असणारा क्षार, कीड रोखायला पेस्टमध्येही घालतात) आई पटकन म्हणाली, "फ्लोराइड नसलेली. दोन वर्षं झाली, दोघांनाही तीच देतो, आम्ही पण तीच वापरतो." आणि मग त्या पांढऱ्या रेघेकडे बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, पेस्ट बंद करून एवढे दिवस झाले तरी यालाही ताईसारखे फ्लोराइडचे डाग यायला लागलेत बघा. आता काय पाणी पण बदलायचं का?"

इथे मी चुकले. दिवसभरात असं ऐकून ऐकून डोकं पिकलेलं असतं, मी सरळ बोलून गेले की फ्लोराइडने काही डागबिग पडत नाहीत ताई, ते एकदम सेफ असतं, शंभर टक्के, ते व्हिडिओ बघणं बंद करा. बाबा तोपर्यंत गप्प बसले होते. त्यांनी खुर्चीत बसलेल्या मुलीला पुढे बोलावलं आणि म्हणाले, "दात दाखव गं डॉक्टरांना." तिने ओठ वर केला. वरच्या दोन्ही पटाशीच्या दातांवर आडव्या पांढऱ्या ढगाळ रेघा, एकावर फिकट तपकिरी ठिपका. बाबा म्हणाले, "मग हे काय आहे?"

ते फ्लोरोसिसच होतं. म्हणजे फ्लोराइडनेच आलेले डाग. आणि मी दोन मिनिटांपूर्वी शंभर टक्के म्हणून बसले होते.

त्या क्षणाला त्यांचा माझ्यावरचा विश्वास गेला, आणि मी त्यांना दोष देणार नाही. आम्ही डॉक्टर लोक ना, अर्धं खरं सांगतो सोपं पडावं म्हणून, आणि समोरच्याच्या घरात उरलेलं अर्धं खरं बसलेलं असतं. त्या दिवशी पुळीपुरतं औषध दिलं, दाढेचं काय करायचं ते पुढच्या वेळी ठरवू म्हटलं, आणि जरा कान धरून त्यांना म्हटलं की मी घाईत बोलले, मुलीचे डाग फ्लोराइडचेच आहेत, फक्त ते पेस्टमुळे आलेत का दुसऱ्या कशामुळे हे मला शोधायचंय, तर पुढच्या वेळी मुलगी जन्मली तेव्हापासूनचं सगळं आठवून या. कुठे राहत होता, पाणी कुठलं, वरचं दूध होतं का, दात घासायला कधी सुरुवात केली.

दोन पांढरे डाग, दोन वेगळ्या गोष्टी

पुढे जाण्याआधी हे सांगते कारण सगळा घोळ इथूनच झाला होता. मुलीच्या दातावरचा पांढरा डाग आणि मुलाच्या दातावरचा पांढरा डाग दिसायला भाऊबहीण पण नातं काहीच नाही.

फ्लोरोसिस दोन्ही बाजूंना जोडीने येतो, म्हणजे उजव्या दातावर असेल तर डाव्या जोडीदारावरही असतो, कारण ते दोन दात हिरडीच्या आत एकाच वेळी बनत होते. रेघा आडव्या, पसरट, कडा पुसट, कधी दाताच्या टोकाला बर्फ साचल्यासारखं. पृष्ठभाग बहुतेक वेळा गुळगुळीत. कीड लागायला सुरुवात होते तेव्हाचा पांढरा डाग हिरडीच्या कडेला चिकटून असतो, जिथे ब्रश पोचत नाही आणि पांढरट थर साचतो तिथे, आणि दात वाळवला की तो जास्त उठून दिसतो, खरबरीत, चमक गेलेला. तिथलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, आतून पोकळ व्हायला लागलेलं असतं, खड्डा अजून पडलेला नसतो. (आणि एकाच दातावर एकच डाग असेल तर तिसरंच काही असू शकतं, म्हणजे वरच्या दुधाच्या दाताला पू झाला होता किंवा मार लागला होता आणि त्याचा त्रास खाली बनत असलेल्या पक्क्या दाताला झाला, असं.)

म्हणजे मुलाच्या दातावरची ती रेघ किडीची पहिली पायरी होती. फ्लोराइड कमी पडल्याची खूण, आणि घरातले तिच्याकडे बघून फ्लोराइड जास्त झालं म्हणून घाबरत होते आणि अजून कमी करायच्या मागे लागले होते. हे मला त्या सहा दाढांपेक्षा जास्त लागलं खरं तर.

मुलीचे डाग कुठून आले

आठवड्याने आई एकटी आली, वहीत सगळं लिहून. हुशार बाई. मुलगी साडेतीन वर्षांची होईपर्यंत ते सासरच्या घरी राहायचे, तिथे बोअरचं पाणी, सगळं घर तेच पितं. नंतर इकडे आले, इथे पहिल्या दिवसापासून आरओ. मुलगा इथे आल्यावर झाला. मुलीच्या वेळी दूध कमी आलं म्हणून दुसऱ्या महिन्यापासून पावडरचं दूध, दीड वर्षापर्यंत. मुलगा अंगावर प्यायला वर्षभर, मग बाटली.

आणि मग ती म्हणाली, "पण मॅडम, पाण्याची मी खूप काळजी घ्यायचे. वीस-वीस मिनिटं उकळून, थंड करून मगच पावडर कालवायचे."

हे ऐकलं आणि मला वाईट वाटलं तिच्यासाठी. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. ते काय वाफेबरोबर उडणारं नाही, पाणी आटतं आणि ते तिथेच राहतं, म्हणजे जितकं आटवाल तितकं दाट. साध्या कँडल फिल्टरने जात नाही, यूव्हीने जात नाही. आरओने बऱ्यापैकी जातं, आणि फ्लोराइडसाठी वेगळे फिल्टर असतात, ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचे वगैरे. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड, वास नाही, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

मी म्हटलं सासरच्या घरून एक बाटली पाणी मागवा आणि इथलं आरओचं पण द्या, लॅबमध्ये टेस्ट करू. रिपोर्ट आला. बोअरचं पाणी लिटरमागे २.८ मिलीग्रॅम. आरओचं ०.१. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा १.५ आहे, आणि अमेरिकेत जिथे मुद्दाम पाण्यात फ्लोराइड घालतात तिथे २०१५ पासून ०.७ ठेवायला सांगतात. म्हणजे एका पोराला दुप्पट मिळालं आणि दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही, आणि दोघांच्या मध्ये आईबापांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं, फक्त घर बदललं होतं.

आता हिशोब बघा, मी आईच्या वहीतच करून दाखवला. सात किलोचं बाळ दिवसाला पाऊण-एक लिटर पावडरचं दूध पितं, ८०० मिली धरलं तर २.८ च्या पाण्यातून २.२ मिलीग्रॅमच्या आसपास फ्लोराइड पोटात गेलं. एवढ्या लहान मुलांसाठी वरची मर्यादा किलोमागे ०.१ मिलीग्रॅम धरतात, म्हणजे तिला ०.७. तिप्पट झालं, रोज, वर्षभर. वरच्या पटाशीच्या पक्क्या दातांचं इनॅमल तीन-चार महिन्यांपासून बनायला लागतं आणि ४-५ वर्षांपर्यंत चालू असतं, त्यात साधारण सव्वा ते अडीच वर्षांचा काळ सगळ्यात नाजूक. दात मात्र बाहेर येतात सातव्या वर्षी. म्हणजे जे झालं ते पाच वर्षं आधी होऊन गेलं होतं, हिरडीच्या आत, कुणाला न दिसता. आणि सातव्या वर्षी दात उगवून डाग दिसले तेव्हा समोर काय होतं? बेसिनवरची पेस्ट. मग पकडली गेली बिचारी पेस्ट.

तरी पेस्टला मी अगदीच सोडून दिलं नाही. मुलं पेस्ट गिळतात, गोड लागते म्हणून चाटतात, आणि तीन वर्षांखालच्या मुलाला ब्रशभर पेस्ट दिली आणि त्याने रोज गिळली तर सौम्य डाग येऊ शकतात, हे खरं आहे. पण हिच्या बाबतीत आईने घासायला सुरुवात केली दोन वर्षांनंतर, ते पण बोटाने, जरास्सं लावून. तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट सांगतो ती साधारण पाव ग्रॅम भरते, १००० पीपीएमची असेल (म्हणजे किलोभर पेस्टमध्ये १००० मिलीग्रॅम फ्लोराइड) तर त्यात पाव मिलीग्रॅम फ्लोराइड. दोन्ही वेळची सगळी गिळली तरी अर्धा मिलीग्रॅम. त्याच्यापुढे पाण्याचे सव्वादोन.

आणि अजून एक, दात एकदा बाहेर आला की त्याला नवीन फ्लोरोसिस होऊच शकत नाही. जो दात बनून झालाय तो बनून झाला. आठ वर्षांनंतर, अक्कलदाढ सोडून, हा धोका जवळपास संपतो. म्हणजे सात वर्षांच्या मुलीची पेस्ट बंद करून तिच्या दिसणाऱ्या डागांत काडीचा फरक पडणार नव्हता.

बाबा

आई पटकन समजली. बाबांना वेळ लागला, आणि त्यांच्याशी बोलताना मलाच जास्त शिकायला मिळालं म्हणेन मी, कारण त्यांनी वाचलेलं सगळं खोटं नव्हतं. हेच अवघड असतं. नुसतं खोटं असतं तर खोडता येतं.

पहिलं त्यांचं म्हणणं, की हे फ्लोराइड प्रकरण म्हणजे कंपन्यांनी आपला कचरा खपवायला काढलंय. म्हणून मी त्यांना जुनी गोष्ट सांगितली, कारण ती त्यांच्या दोन पोरांचीच गोष्ट आहे एका अर्थी. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला दवाखाना टाकायला गेला, तर तिथल्या पोरांचे दात चॉकलेटी डागांनी भरलेले. कुणी म्हणे डुकराचं मांस जास्त खातात, कुणी काय. १९०९ ला त्याच्या मदतीला जी. व्ही. ब्लॅक आले, ते त्या काळातले दंतवैद्यकातले सगळ्यात मोठे नाव. दोघांना दोन गोष्टी कळल्या, एक म्हणजे डाग फक्त दात बनायच्या वयात तिथे राहिलेल्यांनाच येतात, मोठेपणी राहायला आलेल्यांना नाही, आणि दुसरी विचित्र गोष्ट, डागवाल्या दातांना कीड कमी लागते. कारण मात्र सापडेना. ते सापडलं १९३१ मध्ये, बॉक्साइट नावाच्या गावात तसेच डाग होते आणि तिथलं पाणी तपासलं एच. व्ही. चर्चिल या केमिस्टने, त्यात फ्लोराइड निघालं १३ पीपीएमच्या वर (पाण्यात पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलीग्रॅमच). मग ट्रेंडली डीन यांनी गावोगावचं पाणी आणि पोरांचे दात ताडून बघितले आणि निघालं की १ पीपीएमच्या आसपास कीड बरीच कमी होते आणि डाग नावापुरते राहतात. २५ जानेवारी १९४५ ला ग्रँड रॅपिड्स शहराने पहिल्यांदा पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घातलं, आणि अकरा वर्षांनी तिथे नंतर जन्मलेल्या मुलांमध्ये कीड ६० टक्क्यांहून जास्त घटलेली दिसली.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तो चर्चिल कुठे कामाला होता?" आता खरं सांगायला पाहिजेच होतं. अल्कोआ, ॲल्युमिनियमची कंपनी. "म्हणजे बघा!" असे जिंकल्यासारखे हसले ना. मग मी सांगितलं की अहो, त्याला कंपनीचा माल विकायचा नव्हता, ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर आळ येईल म्हणून त्याने डागांचं खरं कारण शोधलं, आणि शोध काय लागला तर फ्लोराइड जास्त झालं की दात खराब होतात. म्हणजे या सगळ्या शास्त्राची सुरुवातच फ्लोराइडच्या तोट्यापासून झालीय. तोटा आधी कळला, फायदा नंतर. यावर ते जरा थांबले.

मग आयक्यू, की फ्लोराइडने मुलांची बुद्धी कमी होते. हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही, कुणी नेऊ पण नये. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने ऑगस्ट २०२४ मध्ये अहवाल काढला, त्यात आहे की पाण्यात १.५ च्या वर फ्लोराइड असेल तर मुलांच्या कमी आयक्यूशी संबंध दिसतो, मध्यम खात्रीने. ०.७ बद्दल काही ठरवायला पुरेसा डेटा नाही असंही त्यातच आहे. बाबांनी पहिलं वाक्य वाचलं होतं, दुसरं त्या व्हिडिओत नव्हतं. पण मी त्यांना म्हटलं, तुम्ही पहिलं वाक्यच नीट धरा ना, ते पाण्याबद्दल आहे, १.५ च्या वरच्या पाण्याबद्दल, आणि तसं पाणी तुमच्याकडे खरंच होतं, तुम्ही ते पाणी सोडून थुंकून टाकायच्या पेस्टच्या मागे का लागलात?

युरोपात बंदी आहे म्हणे. बंदी नाही, पश्चिम युरोपातल्या बऱ्याच देशांत पाण्यात घालत नाहीत एवढंच, पण स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्समध्ये फ्लोराइडचं मीठ विकत मिळतं आणि पेस्ट तर बहुतेक सगळे फ्लोराइडचीच वापरतात. पाण्यात घालावं का हा वाद खरा आहे, चालू आहे, आणि मला तरी त्यात एकच बाजू बरोबर वाटत नाही. कॅनडात कॅलगरीने २०११ ला बंद केलं, नंतर दुधाच्या दातांची कीड शेजारच्या एडमंटनपेक्षा जास्त वाढलेली दिसली, २०२१ ला लोकांनी मत देऊन परत मागितलं आणि २०२५ ला परत सुरू झालं. दुसरीकडे कोक्रेन, म्हणजे जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिचा २०२४ चा आढावा सांगतो की आता बहुतेक सगळे फ्लोराइडची पेस्ट वापरतात तर पाण्यातल्याचा वरचा फायदा पूर्वीपेक्षा बराच कमी उरलाय. ठीक आहे. पण या वादात पेस्ट कुठेच नाही. पाण्याचा वाद पेस्टवर काढणं म्हणजे दुखतंय पोट आणि पट्टी गुडघ्याला.

ट्यूबच्या शेपटीवर जो हिरवा-काळा चौकोन असतो तो पण त्यांनी मला दाखवला, हिरवा म्हणजे नैसर्गिक आणि काळा म्हणजे केमिकल. तो चौकोन मशीनसाठी असतो, ट्यूब कुठे कापायची आणि दाबून बंद करायची हे मशीनच्या डोळ्याला कळावं म्हणून. याच्यावर मात्र आम्ही दोघं हसलो.

मुलाच्या दाढा

आता मुलाची कीड फक्त पेस्ट बदलल्यामुळे लागली असं मी लिहिलं तर तेही खोटंच, फक्त माझ्या बाजूचं. तीन वर्षांपर्यंत रात्री दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपायचा, साखर घातलेली. नंतर दिवसभर थोड्या थोड्या वेळाने बिस्कीट, ज्यूस. रात्रीचं ब्रशिंग नाही, सकाळी स्वतःच घासायचा, आणि पाच वर्षांच्या मुलाचं स्वतः घासणं म्हणजे ब्रश चावणं.

कीड कशी लागते ते थोडक्यात, कारण फ्लोराइड काय करतं ते त्याशिवाय कळत नाही. तोंडातले जंतू साखर खाऊन ॲसिड करतात. खाल्ल्यावर काही मिनिटांत दातावरच्या थराचा पीएच खाली येतो (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं ॲसिड जास्त), ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. मग लाळ हळूहळू ॲसिड मारते, अर्धा-पाऊण तास जातो, आणि सुटलेलं कॅल्शियम परत बसतं. दिवसभर ही देवाणघेवाण चालूच. फ्लोराइड थोडंसं जरी तिथे लाळेत असलं तर परत बसणं जोरात होतं आणि जे बसतं ते आधीपेक्षा चिवट असतं, ते पीएच ४.५ च्या आसपास जाईपर्यंत टिकतं. म्हणून फ्लोराइडचं मुख्य काम दाताच्या वरून होतं, लागून. गिळून नाही. डाग मात्र येतात ते गिळलेल्यानेच. एवढं एक कळलं ना तरी निम्मे गैरसमज जातात, मी आता प्रत्येक आईबापांना हेच पहिलं सांगते, सेफ आहे का नाही हे नंतर.

या मुलाच्या बाबतीत दर तासाला साखर, लाळेला वेळच नाही, रात्री झोपेत तर लाळ सुटतेच कमी, आणि सावरून घ्यायला जे थोडं फ्लोराइड होतं ते तिसऱ्या वर्षी काढून घेतलं. पाण्यातूनही नाही, पेस्टमधूनही नाही. साखर तशीच राहिली असती आणि पेस्ट फ्लोराइडची असती तर कीड लागलीच नसती असं नाही, पण सहा दाढा, एवढ्या लवकर, मला नाही वाटत.

पुळीवाली दाढ वाचली नाही, काढावी लागली आणि जागा धरून ठेवायला स्पेस मेंटेनर बसवला. दोन दाढांची नस साफ करून वर स्टीलच्या कॅप, दोन साधी फिलिंग. दुधाचेच दात, पडणारच आहेत, एवढं कशाला, असं आजोबांनी फोनवर सांगितलं म्हणे. मागच्या दुधाच्या दाढा दहा-अकरा-बारा वर्षांपर्यंत लागतात आजोबा, आणि खालचा पू पक्क्या दाताला डाग पाडू शकतो, मग परत फ्लोराइडचं नाव.

सहाव्या दाढेला मी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावायचं सुचवलं, ड्रिल नाही, सुई नाही, थेंबभर लावायचं आणि बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते, फक्त किडलेला भाग कायमचा काळा होतो. बाबा म्हणाले, "अजून फ्लोराइड?" मग परत वही काढली. पुढच्या दातांवरच्या पांढऱ्या रेघेसाठी फ्लोराइडचं व्हार्निश, म्हणजे दातावर चिकटणारा लेप, लावायचं होतं, ते तर २२,६०० पीपीएमचं, आकडा बघूनच माणूस पळेल. पण लागतं पाव मिली, त्यात सगळं मिळून ५.६ मिलीग्रॅम, ते दाताला चिकटून बसतं आणि हळूहळू सुटतं, तीन महिन्यांतून एकदा. तातडीने दवाखाना गाठावा असा डोस किलोमागे ५ मिलीग्रॅम धरतात, याचं वजन १८ किलो, म्हणजे ९०. १००० पीपीएमची ७५ ग्रॅमची अख्खी ट्यूब खाल्ली तर ७५ मिलीग्रॅम होतं, तेवढ्यानेही उलट्या, पोटदुखी होईल हं, म्हणून ट्यूब मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही आणि ब्रशवर पेस्ट मोठ्यांनीच लावायची. ट्यूबवरची वॉर्निंग त्यासाठीच असते.

दोन्ही लावलं. काळी दाढ मागची आहे, हसताना दिसत नाही.

घरी काय बदललं तर, १००० पीपीएमची पेस्ट, वाटाण्याएवढी, दोनदा, त्यातलं रात्रीचं आईने किंवा बाबांनी घासून द्यायचं. घासल्यावर थुंकायचं आणि खळखळून चूळ भरायची नाही, हे पटवायला सगळ्यात वेळ लागला. मोठी माणसंच ऐकत नाहीत, तोंडात फेस राहिल्यासारखं वाटतं म्हणे. बाटली बंद होतीच, मधलं खाणं दोन वेळांवर आणलं, तेही एका दमात झालं नाही. आरओचं पाणी तसंच ठेवलं, ते बदलायची गरज नाही, पेस्ट आहे ना. मुलीला एका नव्या दाढेच्या खाचेत सुरुवात दिसत होती, तिथे सीलंट, म्हणजे खाच बुजवणारा पातळ थर. डाग असले म्हणून कीड लागतच नाही असं नसतं. डागांसाठी थोडं वाट बघायचं ठरलं, मोठी झाल्यावर तिला नको वाटले तर वरचा पातळ थर घासून किंवा रेझिन मुरवून बरेच फिके करता येतात. तिला विचारलं तर म्हणाली वर्गात कुणी बघत पण नाही.

सहा महिन्यांनी मुलाच्या पुढच्या दातांवरची रेघ कडक आणि चकचकीत झाली होती, पूर्ण गेली नाही पण खड्डा पडला नाही. नवीन कीड नाही. बाबा आता ट्यूब घेताना मागे पीपीएम वाचतात आणि दुकानात उभं राहून मला फोटो पाठवतात, हा पण एक त्रासच आहे.

मागच्या महिन्यात आईचा फोन आला. मला वाटलं परत दाढ. ती म्हणाली, "मॅडम, माझ्या जावेला बाळ झालंय, पाच महिन्यांचं आहे. ती तिकडेच राहते, सासरच्या घरी. आत्ता व्हिडिओ कॉलवर बघितलं, ती पावडर कालवत होती, पाणी उकळून."

मी विचारलं, बोअरचंच?

"तेच. मी लगेच सांगितलं थांब म्हणून. ह्यांनी रात्रीच धाकट्या दिरांना फोन केला, रिपोर्टचा फोटो पाठवला, उद्यापासून बाहेरून आरओचे कॅन येणार आहेत, आईंना पण तेच द्या म्हणालेत, त्यांचेही गुडघे धरतात, त्याचं काय ते तिकडच्या डॉक्टरांना विचारतील." मग जरा थांबून म्हणाली, "जाऊबाई विचारत होती, पेस्ट कुठली आणू?"

मी म्हटलं, अहो, दात तर येऊ देत त्याला.